भावकीतला कंत्राटदार आणि कोरडा नळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव आणि गाव वगळून): पत्रलेखक बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले, वय एकोणतीस. थोडी शेती, गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि सहा वर्षांपासून एका मराठी दैनिकाचे गावचे वार्ताहर. मानधन नाही, जाहिरातीवर कमिशन मिळतं. गावात जलजीवन योजनेतून घरोघर नळ बसले, नारळ फुटला, फलकावर 'काम पूर्ण' असं लिहिलं गेलं. दीड वर्ष झालं, वरच्या गल्लीतल्या चाळीसेक घरांच्या नळाला पाणी नाही. पाइप जेमतेम वीतभर खोल पुरलेत. काम पोटकंत्राटात घेणारा पत्रलेखकांच्या भावकीतला, आणि त्याच्या पाठीशी असलेले पंचायत सदस्य मराठी भाषिकांच्या बाजूनं निवडून आलेले. बातमी लिहून तयार आहे, तिचा मसुदाही पत्राला जोडला आहे. पण गावातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं बोलावून सांगितलं, "आपण इथं आधीच दबलेलो. आपलीच माणसं उघडी पाडलीस तर कन्नड पेपरवाले त्यावर चार कॉलम करतील." आई म्हणते, भावकीत वैर नको. मित्र म्हणतात, पेपर राहू दे, व्हॉट्सॲपवर टाक. त्यांचा प्रश्न: "पत्रकारितेशी इमान राखू की समाजाशी? जमत नसेल तर वार्ताहरकी सोडून द्यावी का?"

नमस्कार.

पत्रात तुम्ही 'आपली माणसं' हे शब्द सात वेळा लिहिलेत. मी मोजले. चौतीस वर्षं पेपरच्या टेबलावर दुसऱ्यांची कॉपी तपासण्यात गेली, खोड जात नाही. सातही ठिकाणी त्याचा अर्थ कंत्राटदार, सदस्य किंवा ते ज्येष्ठ कार्यकर्ते असाच निघतो. वरच्या गल्लीतली चाळीस घरं मराठीच बोलतात ना? त्यांना एकदाही 'आपली' म्हटलेलं दिसलं नाही. तुमच्या मनात तसं काही नसणार, हे मला कळतं. ज्यांच्याशी रोज पारावर बोलावं लागतं तीच माणसं लिहिताना डोळ्यांसमोर येतात. पण तुमच्या प्रश्नाची गाठ इथंच बसली आहे. पत्रकारिता एका पारड्यात आणि समाज दुसऱ्या पारड्यात, असा तराजू तुम्ही मांडलात. मला तर दोन्ही पारड्यांत समाजच दिसतो. एकात पारावर बोलणारा, दुसऱ्यात घागर घेऊन विहिरीवर उभा असलेला.

त्या ज्येष्ठांवर मात्र रागावू नका. त्यांचं भय पोकळ नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून त्या दिवशी इथला मराठी माणूस काळा दिवस पाळत आलाय. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पोरांनी गोळ्या झेलल्या. या मुलखासाठी महाराष्ट्रानं केलेला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. ज्यानं हे सगळं अंगावर काढलं त्याला घरातलं बाहेर सांगू नये असं वाटणारच. आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यातलीच. ऐंशीच्या दशकात टेबलावर आले तेव्हा आमच्याकडं बातमी आणि चळवळ यांत सुतळीएवढंही अंतर नव्हतं. मोर्चाची बातमी आधी लिहायची आणि मग मोर्चाला जायचं. त्याचा पश्चात्ताप नाही. ज्यांचं म्हणणं सरकारी कागदावर उमटतच नव्हतं, त्यांच्यासाठी पेपर हाच कागद होता.

पण त्याची किंमतही मी पाहिली. आमच्या मथळ्यांत सीमाप्रश्न असायचा, गटारं नसायची. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात घुसून भात कुजला की फोटो छापायचा. नाला कुणी उपसला, कितीला उपसला, की उपसलाच नाही, हे विचारायला पुढचा पावसाळा उजाडायचा. सत्ता आपल्या बाजूची असली की अवघड प्रश्न विचारायचा नाही, दुसऱ्याची असली की सोपासुद्धा ओरडून विचारायचा. (हे वाचताना माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांच्या भुवया वर जातील. जाऊ देत.)

आता त्या ज्येष्ठांनाच एक विचारून बघा. काका, आपण इतकी वर्षं मागतोय काय? पंचायतीची नोटीस मराठीत द्या, उतारा मराठीत द्या, सभेत काय चाललंय ते मराठीत कळू द्या. कागद मराठीत मागायचा तो वाचण्यासाठीच ना? आणि वाचून पुढं काही विचारण्यासाठी? उद्या योजनेचा फलक मराठीत लागला आणि त्यावर 'काम पूर्ण' हे खोटं शुद्ध मराठीत लिहिलेलं असलं, तर आपण जिंकलो म्हणायचं का? इंजिनिअरचं टिपण कन्नडमध्ये, निविदा इंग्रजीत. नळ का कोरडा आहे हे वरच्या गल्लीला तिच्या भाषेत सांगणारं गावात तुमच्याशिवाय कुणी नाही. ती बातमी दाबून मराठी जपली जाते, हे मला तरी पटत नाही.

'आपले लोक' या शब्दाचा घोळ काही आजचा नाही. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा मराठीत पेपरांची वाण नव्हती, आणि सगळेच लोकांच्या वतीनं बोलत होते. त्या 'लोकां'त अस्पृश्य येत नव्हते. पुढं १९२५ साली ते परिषदेसाठी आपल्याच मुलखात, निपाणीला आले होते. हे इथं काढण्याचं कारण एवढंच, की वरच्या गल्लीत कोण राहतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाइपाच्या शेवटच्या टोकाला कुणाची घरं येतात, हा दर वेळी नुसत्या चढ-उताराचा प्रश्न नसतो. आखणी करताना शेवटी कुणाला ठेवलं, हेही एकदा नकाशावर बघा. माझी शंका खोटी ठरली तर मला आनंदच होईल.

बातमी तयार आहे, असं तुम्ही म्हणता. मसुदा वाचून मला वाटलं, निकाल तयार आहे, बातमी व्हायची आहे. पहिलंच वाक्य 'पोटकंत्राटदाराच्या भ्रष्ट कारभारामुळे' असं सुरू होतं. पाइप वीतभर खोल आहेत हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, ठीक. पाणी न येण्याचं कारण तेच आहे, हे कुठं पाहिलंत? टाकीपर्यंत पाणी चढतं का? मोटारीला हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, जोडणी मिळाली का? बोअर आटली का? की मधल्या गल्लीत कुणी नळाला टुल्लू पंप लावून पाणी वाटेतच ओढून घेतंय? पश्चिम भागाच्या उशाला राकसकोपचं धरण, बेळगाव शहर ते पाणी पितं, आणि तिथल्याच गावात नळ कोरडा, हे वाचून राग मलाही आला. पण रागानं पहिलं वाक्य लिहू नये. असल्या योजनांच्या बातम्या मी शेकड्यांनी तपासल्यात. कारण बहुतेक वेळा एक नसतं, आणि गाव ज्याच्याकडं बोट दाखवतं तोच चोर निघतो असंही नाही.

कोल्हापूर आपल्याला लांब नाही, म्हणून तिथलीच गोष्ट सांगते. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं दाखवणारी पत्रं हाती आली आणि त्यांच्या भरवशावर लिहिलं गेलं. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. दोघांच्या हेतूबद्दल कुणी शंका घेणार नाही. कागद तेवढा खोटा होता.

आणि माझं स्वतःचं. २००४ चा पावसाळा. एका गावच्या शाळेतून दुपारच्या जेवणाच्या तांदळाची पोती रात्री हलवली, अशी बातमी वार्ताहरानं पाठवली. मुख्याध्यापकांना फोन करायला हवा होता. रात्रीचे साडेदहा वाजले होते, पान सोडायची घाई होती, नाही केला. तीन कॉलम लागली. दोन दिवसांनी कळलं, कोठीचं छप्पर गळत होतं म्हणून गावकऱ्यांनीच पोती शेजारच्या देवळात नेऊन ठेवली होती. आमचा खुलासा आतल्या पानावर, सहा ओळी, एका ज्वेलर्सच्या जाहिरातीखाली. ते गुरुजी पुढं एकदा खडेबाजारात समोरून आले. मी थांबले. ते थांबले नाहीत.

आता जरा टोचेल असं. पत्राच्या शेवटी, ता. क. म्हणून, तुम्ही लिहिलंय की गेल्या पंचायत निवडणुकीत तुमचे थोरले भाऊ याच सदस्याविरुद्ध पडले. हे वाक्य सगळ्यात वर हवं होतं. मधल्या परिच्छेदात असंही आहे, की या कंत्राटदाराची दिवाळी शुभेच्छांची जाहिरात दरवर्षी तुमच्यामार्फत येते. म्हणजे बातमी छापली तर 'भावाचा सूड उगवला', नाही छापली तर 'जाहिरातीचा मिंधा'. दोन्ही बोल लागणार. आणि दोन्हींत काडीचंही तथ्य नसेल, असं तुम्ही तरी छातीठोक सांगाल का? आपलं मन आपल्याला कुठं पुरतं कळतं!

म्हणून ही बातमी तुमच्या नावानं येऊ नये, असं माझं मत आहे. कार्यालयाला दोन्ही गोष्टी लेखी कळवा, भावकी आणि भावाची निवडणूकही, आणि तालुका प्रतिनिधीला पाठवा म्हणावं. फोटो, घरांची यादी, तारखा तुम्ही द्या. यंदाची जाहिरात घेऊ नका. हजार-पाचशेचं कमिशन बुडेल, ते बुडणारच. तसं बघितलं तर हे पाप तुमचं नाही. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच दारात जाहिरातीसाठी वार्ताहराला उभं करायचं, ही पद्धत पेपर चालवणाऱ्या आम्ही लोकांनी लावली. संपादक मंडळींनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

राहिली कन्नड पेपरची भीती. येऊ दे की तिकडंही! बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, त्यात मराठीच्या शेजारी इंग्रजी मजकूर असायचा. इथल्या लोकांचं म्हणणं राज्य करणाऱ्यांच्याही नजरेस पडावं, हा त्यातला एक हेतू. पाणीपुरवठा खात्याचे इंजिनिअर सकाळच्या चहाबरोबर मराठी पेपर उघडत नाहीत. तुमच्या शेजारी कन्नड भाषिक गाव असेलच. तिथल्या कन्नड वार्ताहराला फोन करून विचारा, तुमच्याकडचे नळ कसे आहेत? तिथंही कोरडे निघाले तर बातमी भावकीची उरतच नाही, योजनेची होते. तिथं धो धो पाणी असलं तर प्रश्न आणखी मोठा. तुमचं गाव मराठी म्हणून मागं राहिलं, की कंत्राटदार वेगळा होता म्हणून, हे कागद हाती आल्याशिवाय ठरवायचं नाही. मराठीतल्या वार्ताहरानं कन्नडमधल्या वार्ताहराला कधी फोन करायचाच नसतो, हा आपल्याकडचा अलिखित नियम कुणी केला कोण जाणे. आम्ही तरी प्रेस क्लबच्या दारातून चहा वेगवेगळ्या गाड्यांवरच पीत आलो.

कागद कुठले मागायचे, हे जरा सविस्तर सांगते, कारण अशीच पत्रं खानापूर आणि निपाणीकडूनही येतात.

जलजीवन २०१९ साली जाहीर झालं, कर्नाटकात 'मनेमनेगे गंगे' या नावानं आलं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्यातलं वचन. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर अठरा घागरी. योजनेच्या संकेतस्थळावर गावाचं नाव घातलं की किती घरांना जोडणी दिली तो आकडा दिसतो. त्याची प्रत काढून ठेवा. गावात पाणी समिती असायला हवी, तिच्यात निम्म्या बायका. नावं पंचायतीतून घ्या आणि एकेकीच्या घरी जाऊन या. आपण समितीवर आहोत हे किती जणींना ठाऊक आहे, एवढं विचारलंत तरी एक स्वतंत्र बातमी होईल.

बिल निघतं ते एमबीवरून, मोजमाप वहीवरून. चर किती खोल, पाइप किती मीटर, कुठल्या मापाचा, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तुमच्या वीतभर चराचं एमबीत काय झालंय ते बघितल्याशिवाय कुणाचं नाव छापायचं नाही. पैसे देण्याआधी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी व्हायची असते, तो अहवालही मागा. हे सगळं माहिती अधिकारात मिळतं. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकच्या नियमात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. आपल्या लोकांना अर्जात पार्श्वभूमी, अन्याय, इतिहास सगळं लिहायची हौस, आणि अर्ज तिथंच अडकतो. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नसते. चार ओळी लिहा, बस. भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे इथं कन्नड. मराठीचा हट्ट या अर्जात धरू नका, कागद हातात येणं महत्त्वाचं. गावच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाई असतील, त्या अर्ध्या तासात लिहून देतील.

हट्टाची जागा दुसरी आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, घटनेचं ३५० वं कलम आहे. वरच्या गल्लीनं असा अर्ज मराठीत लिहून पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, टेबलावर ठेवावा आणि पोच घ्यावी. पण तो तुम्ही लिहू नका. सह्याही तुम्ही गोळा करू नका. त्यांचा अर्ज त्यांचा असू दे, तुम्ही त्याची बातमी करा. दोन्ही एकाच हाताचं झालं की पीडीओ अर्जाला बातमीचं नाटक म्हणतात आणि बातमीला अर्जाचं. आमच्या पिढीला हे फार उशिरा कळलं.

ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. तिला जाऊन बसा. मागच्या सहा वर्षांत तुम्ही किती ग्रामसभांच्या बातम्या दिल्यात? कात्रणं पाठवलीत त्यात वाढदिवस आहेत, सप्ताह आहे, बैलगाडा शर्यत आहे, साहित्य संमेलनही आहे. ग्रामसभा एकही नाही. तुम्हाला हिणवत नाही, मागणीच कुणी केली नसणार. मला तर वार्ताहर म्हणजे सभेतली एक जास्तीची खुर्ची वाटते, ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी राखलेली. कोण काय म्हणालं, ठराव झाला का, कुणी हात वर केला, एवढं जसंच्या तसं लिहा. विशेषणं नकोत. फलकावर 'काम पूर्ण' आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात 'चाळीस घरांना पाणी नाही' हे शेजारी शेजारी छापलं की आणखी काही लिहावं लागत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल दोनच वाक्यं. तिथं चूक झाली तर सहा ओळींचा खुलासाही कुणी वाचत नाही. अब्रुनुकसानीचं कलम, नव्या भारतीय न्याय संहितेत ३५६, मोबाईलवरच्या मजकुरालाही लागतं, आणि बचावासाठी मजकूर खरा असून भागत नाही, तो लोकहिताचा होता हेही दाखवावं लागतं.

आईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गावात पेपर एक दिवसाचा, भावकी जन्माची. म्हणून छापण्याआधी तुम्ही स्वतः कंत्राटदाराकडं जा. चहा तर मिळेलच. "ही बातमी दुसरा प्रतिनिधी करतोय, माहिती मी दिली आहे, तुझं म्हणणं त्याला सांग," एवढं तोंडावर सांगा. सकाळी पेपर उघडल्यावर कळणं हा अपमान असतो, आणि वैर त्यातून धरलं जातं. कुणी सांगावं, त्याचंच बिल मुख्य कंत्राटदारानं अडकवलेलं असेल आणि म्हणून काम अर्धवट राहिलं असेल. मग तो स्वतःच बोलायला लागेल. तसं झालं तर मसुद्याचं पहिलं वाक्य तुम्हीच खोडाल.

कार्यालयानं कारण न देता बातमी ठेवून घेतली, तर लेखी विचारा आणि थोडे दिवस थांबा. तरी उत्तर आलं नाही तर तसं कळवून माहिती दुसऱ्या दैनिकाला द्या, चोरून नको.

वार्ताहरकी सोडावी का? सोडायची तर खुशाल सोडा, पोट काही तिच्यावर चालत नाही. फक्त तुमच्या जागी कोण येईल ते एकदा डोळ्यांसमोर आणा. मला दिसतोय तो कंत्राटदाराचा पुतण्या.

शेवटचं. तुमचं घर खालच्या गल्लीत आहे आणि तुमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. रविवारी दुकान उशिरा उघडा. पहाटे वरच्या गल्लीत जा, एका घराच्या खेपा विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत मोजा, त्यातली एखादी घागर स्वतः उचला. योजनेच्या अठरा घागरींना किती कमी पडतात तो आकडा तालुका प्रतिनिधीला द्यायच्या यादीत सगळ्यात वर लिहा. आणि त्या घरातल्या बाईंना विचारून त्यांचं नाव.